हातचा एक

सकाळी सात वीसला साइमी गाडीत बसते.
मी दार लावायला जातो, तर म्हणते, थांब,
कोप्सूचा एक पाय अजून बाहेर आहे.

मी थांबतो.
बाहेर उणे एकवीस. गाडीतली ऊब
पायात वहाण न घालता पळून जाते,
आणि कोप्सू, म्हणे, बुटांचा बर्फ झटकतोय.

मग पट्टे. आधी त्याचा, मग तिचा.
सीटखालच्या यंत्राला त्याचं वजन कळत नाही.
पट्टा नसता लावला, तरी ते ओरडलं नसतं.
हे मी साइमीला सांगितलेलं नाही.

नगरपालिकेच्या कागदावर रोज लिहितो : मुलं तीन.
लेह्मियोकीच्या फाट्यावर हुओतारींची जुळी चढतात,
दांडगी पोरं, दोघंही कशालाच जुमानत नाहीत,
पण मधल्या सीटवर बसत नाहीत.
दाराशी एकमेकांना चेपून बसतात, कुरकुर न करता.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, एकटी वाढतेय ना, म्हणून.
असेल.
पण मैदानावर तिला सहा मैत्रिणी आहेत, मी मोजल्यात,
आणि त्या वेळी कोप्सू कुंपणापाशी
तिचे हातमोजे सांभाळत उभा असतो.

मला वाटायचं, खापर फोडायला एक डोकं लागतं पोरांना.
तर तेही नाही.
मागच्या सीटवर लिंगनबेरीचा रस सांडला,
तेव्हा साइमी म्हणाली, मीच सांडला,
कोप्सू अजून लहान आहे, त्याला बोलू नकोस.

जानेवारीत, सूर्य उगवायचंच विसरलेला असतो तेव्हा,
वळणावर रेनडियर आडवे आले.
पाच-सहा. दिव्यात नुसते डोळे.
गाडी घसरली, फिरली, थांबली.
माझे हात चाकावर थरथरत होते.
जुळी गप्प.
आणि मागून हलक्या आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं :
घाबरू नकोस. ते असंच करतात.
ताइस्तोला ब्रेक मारता येतो.

बासष्ट वर्षांचा मी. खरं सांगतो,
त्या वाक्यावर मीही टेकलो.

नंतर घरी, कॉफी निवेपर्यंत बसून राहिलो.
या गाडीत ती सगळ्यात लहान. घरात सगळ्यात लहान.
दिवसभर जो तो गुडघ्यात वाकून
तिला काहीतरी समजावत असतो :
चूल भाजते, तळ्यावर एकटं जायचं नाही,
आजोबा आता परत येणार नाहीत.
एवढं सगळं ऐकून घेतल्यावर
तिलाही कोणापुढे तरी वाकावंसं वाटत असेल.

फेब्रुवारीत ती गणितं करत येऊ लागली.
पेन्सिल उडते, रस्ता खराब.
सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक.
हातचा वर बारीक लिहायचा, मला शिकवते,
उत्तरात तो दिसत नाही,
पण विसरलास तर सगळं चुकतं.

मी आरशात पाहिलं.
मधल्या सीटवर पट्टा नीट लावलेला.

परवा शुक्रवारी शाळेशी उतरली,
दोन पावलं गेली, परत आली.
काच खाली करायला लावली.
परत जाताना तू कोणाशी बोलतोस?
रेडिओशी.
रेडिओ ऐकत नाही, ती म्हणाली.
कोप्सू आज तुझ्याबरोबर येईल.
त्याला वळणावर मळमळतं, हळू चालव.

आणि गेली पळत. दप्तर पाठीवर आपटत.

एकेचाळीस किलोमीटर.
पट्टा सोडायला हात मागे गेला होता, तो परत घेतला.
रेडिओ बंद केला, उगीच.
वळणं जरा हळू घेतली, तेही उगीचच म्हणा.
पुलावर आलो. खाली काळं पाणी,
दोन्ही काठ पांढरे, मध्ये वाफा.

इथे नदी कधीच गोठत नाही, मी म्हणालो.
प्रवाह जोरात आहे ना, म्हणून.

त्याला हे माहीत नव्हतं.